शनिवारी बंद असणारी शाळा

एखाद्या समाजाने आपल्या मुलांसाठी काढलेल्या शाळेचा खरा अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकांत फारसा सापडत नाही. तो सुट्ट्यांच्या यादीत, मधल्या सुट्टीत उघडल्या जाणाऱ्या डब्यांत आणि वेळापत्रकात धर्मशिक्षणासाठी राखलेल्या तासात दडलेला असतो. ‘शाळा आणि समाज’ या विषयाच्या निमित्ताने मुंबईतील ज्यू शाळांचा विचार करू लागले, की ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते, कारण या शाळांपैकी सर्वांत महत्त्वाची शाळा ज्या समाजाने उभी केली, त्याची ओळखच मुळी एका वाराच्या सुट्टीवरून पडली होती. बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची मुले’, हे त्या समाजाचे नाव. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या बंधूंच्या व समाजातील काही सुशिक्षितांच्या साहाय्याने १८७५ साली मुंबईत सुरू केलेली ‘इस्रायलाइट स्कूल’ ही त्याची शाळा पुढे माझगावात स्थिरावली आणि १९३०च्या दशकात देणगीदाराचे नाव घेऊन सर एली कदूरी हायस्कूल झाली.

ज्यू परंपरेत धर्मशिक्षणाची व्यवस्था साधारणपणे तीन प्रकारांनी होत आली आहे. पहिला प्रकार ‘हेदेर’चा, म्हणजे गुरूच्या घरी किंवा सिनेगॉगच्या आवारात भरणाऱ्या लहान मुलांच्या पाठशाळेचा, दुसरा, मुले सर्वसाधारण शाळेत जात असताना त्यांना रविवारी किंवा संध्याकाळी धर्म शिकवणाऱ्या वर्गाचा, आणि तिसरा पूर्णवेळ ज्यू शाळेचा, जिथे गणित, भूगोल आणि इंग्रजीच्या तासांना लागूनच हिब्रू भाषा, प्रार्थना आणि बायबलचा इतिहास यांचे तास होतात. मुंबईची ही शाळा तिसऱ्या प्रकारातली असली, तरी लंडन किंवा न्यूयॉर्कच्या ज्यू शाळांहून तिची जात वेगळी होती, कारण तिच्या मुलांना हिब्रू शिकायची होती ती मराठीच्या आधाराने.

शनवार तेली

कोकणातील अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी बेने इस्रायलांची परंपरागत समजूत आहे. ही घटना केव्हाची, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावी ही कुटुंबे तेलाचे घाणे चालवत होती आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपत नव्हती, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘सोमवार तेली’ आणि शनिवारी बंद ठेवणारे ते ‘शनवार तेली’, इतक्या सरळ हिशेबाने गावाने या वेगळेपणाची व्यवस्था लावून टाकली होती. आडनावेही गावांवरूनच पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपुरकर.

या काळातील त्यांच्या धर्माचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ तोरा, म्हणजे मोझेसच्या पाच ग्रंथांची गुंडाळी, नव्हती. हिब्रू वाचता येत नव्हती. आणि प्रार्थनांपैकी ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा करणारी प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली होती. तरीही शनिवारची विश्रांती, मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशीची सुंता आणि खाद्यपेयांचे काही नियम त्यांनी सोडले नव्हते. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू पंडिताने या लोकांची परीक्षा घेण्यासाठी स्त्रियांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली आणि त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी वेगळी काढली, तेव्हा हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली, असे परंपरा सांगते. रहाबी अकराव्या शतकातला की अठराव्या, याचा वाद मिटलेला नाही. परंतु ज्या समाजाचे धर्मज्ञान ग्रंथातून न टिकता स्वयंपाकघरातून टिकले, त्या समाजाने आपली परीक्षा मासळीने झाल्याचे सांगावे, हे त्या गोष्टीचे मर्म आहे.

हिब्रूचे मराठी व्याकरण

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही कुटुंबे मुंबईत येऊ लागली आणि कंपनीच्या फलटणीत, गोदीत, इस्पितळांत व कचेऱ्यांत नोकरीला लागली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले, ज्याला समाजात आजही ‘जुनी मशीद’ म्हणतात. प्रार्थनास्थळ ते मशीद, हा शब्द बेने इस्रायलांच्या मराठीत सहज रुळलेला आहे आणि मस्जिद बंदर स्थानकाच्या नावाशीही या वास्तूचा संबंध जोडला जातो. कोचीनचे ज्यू एकोणिसाव्या शतकात येथे येऊन हजानाचे, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचे, आणि शिक्षकाचे काम करू लागले, तेव्हा विसरलेले विधी हळूहळू परत आले.

परंतु शाळा आल्या त्या मिशनऱ्यांबरोबर. अमेरिकन मिशनच्या आणि पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले मोठ्या संख्येने जात होती आणि काही जण तेथे शिक्षकही झाले होते. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. धर्मांतराची आशा बाळगून आलेल्या मिशनऱ्याने ज्यूंना त्यांचीच धर्मभाषा त्यांच्या मातृभाषेतून शिकवावी आणि त्याचा परिणाम म्हणून ते ख्रिस्ती होण्याऐवजी अधिक जाणते ज्यू व्हावेत, हा प्रकार मोठा गमतीचा आहे. या समाजातून झालेली धर्मांतरे अगदीच तुरळक राहिली.

तथापि मिशनच्या शाळेत मुलगा हिब्रूबरोबर ख्रिस्ती प्रश्नोत्तरेही पाठ करत असे आणि शनिवारी शाळा भरे ती निराळीच. त्यामुळे १८७५मध्ये स्वतःची शाळा निघाली, तेव्हा तिच्यामागे दोन गरजा एकत्र आल्या होत्या. गरीब मुलांना नोकरीपुरते इंग्रजी व हिशेब यावेत ही पहिली, आणि त्यासाठी शब्बाथ मोडावा लागू नये ही दुसरी. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतचा विश्रांतीचा काळ. त्यात लिहिणे हेही वर्ज्य काम ठरते, म्हणजे शनिवारी वर्गात बसून पाटीवर अक्षर काढणारा मुलगा त्या अक्षरागणिक नियम मोडत असतो. शाळेला पुढे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत मिळाली आणि शतक संपण्यापूर्वी ती हायस्कूल झाली.

शाळा काढणे हे ज्यू धर्मशास्त्राच्या दृष्टीने केवळ लोकोपयोगी काम नाही, तर ते समाजावरचे देणे आहे. तालमूद या धर्मचर्चेच्या महाग्रंथात यहोशुआ बेन गमला या मुख्य पुरोहिताला गावोगावी सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी शिक्षक नेमण्याचे श्रेय दिले आहे आणि तेथेच पटसंख्येचा नियमही घालून दिला आहे: पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, चाळीस झाली तर गावाच्या खर्चाने त्याला एक मदतनीस, आणि पन्नास झाली तर दोन शिक्षक. आजच्या महानगरातील साठ-सत्तर मुलांचे वर्ग पाहिले म्हणजे हा नियम दीड हजार वर्षांपूर्वी लिहून झाला होता, यावर विश्वास बसणे कठीण जाते. त्याच ग्रंथात बापाने मुलाला धर्मग्रंथाबरोबर एखादा धंदाही शिकवावा असे सांगितले आहे, आणि केहिमकरांच्या शाळेत हिब्रूच्या शेजारी इंग्रजी बसली, ती याच न्यायाने.

पाटीवरची उलटी दिशा

या शाळेच्या प्राथमिक वर्गातील मुलासमोर तीन भाषा येत. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे येणारी. हिब्रूची बावीस अक्षरे सगळी व्यंजने असतात आणि स्वर दाखवण्यासाठी अक्षराच्या खाली, वर किंवा पोटात टिंबे व रेघा दिल्या जातात. लहान मुलांच्या पुस्तकात त्या असतात, तोराच्या गुंडाळीत नसतात. इंग्रजी वळणाच्या मुलाला ही व्यवस्था चमत्कारिक वाटते, पण काना, मात्रा, उकार आणि अनुस्वार गिरवून आलेल्या मराठी मुलाला ती ओळखीची वाटावी अशी आहे, कारण बालबोधीतही स्वर व्यंजनाच्या अवतीभोवतीच लटकत असतो. प्रत्येक हिब्रू अक्षराला अंकाचे मूल्य असते, त्यामुळे अध्यायांचे क्रमांक आणि वर्षही अक्षरांतच लिहिले जाते, आणि एकाच धड्यात मुलाची मुळाक्षरे व पाढे दोन्ही होऊन जातात.

हिब्रू शिकण्यासाठी लागणारे साहित्य मात्र समाजाला स्वतःच तयार करावे लागले. जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५) हे या कामातील सर्वांत मोठे नाव. ससून या बगदादी ज्यू घराण्याच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळताना त्यांनी हिब्रू प्रार्थना आणि धर्मग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. शाळा निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ साली, पुण्यात छापलेली ‘हग्गादा’ या काळाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात जेवणाच्या वेळी वाचायची, मिसर देशातील गुलामीतून झालेल्या सुटकेची पोथी. मुलाने प्रश्न विचारायचे आणि बापाने उत्तरे द्यायची, अशी तिची रचना असल्यामुळे ती वस्तुतः घरात भरणाऱ्या शाळेचे पाठ्यपुस्तकच असते. पुण्याच्या प्रतीत हिब्रू मजकुराबरोबर त्याचे मराठी भाषांतर आहे आणि बेखमीर भाकरी भाजण्याच्या चित्रांत जमिनीवर बसून काम करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत. चित्रकाराने युरोपीय नमुने समोर ठेवले होते, हे इतर चित्रांवरून कळते, परंतु स्वयंपाक दाखवण्याची वेळ आली तेव्हा बायका घरच्याच काढाव्या लागल्या.

सुट्ट्यांची यादी

ज्यू शाळेचे वर्ष कसे चालते, हे मराठी वाचकाला समजावून सांगणे इतर कोणत्याही वाचकापेक्षा सोपे आहे, कारण हिब्रू पंचांग हेही चांद्र महिन्यांचे आणि सौर वर्षाशी मेळ घालणारे आहे. एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना घेऊन हा मेळ घातला जातो. आपल्याकडे अधिक मास संक्रांतीच्या हिशेबाने निरनिराळ्या ठिकाणी पडतो, तर हिब्रू पंचांगात तो नेहमी अदार महिन्याचाच असतो, म्हणजे त्या वर्षी पहिला अदार आणि दुसरा अदार असे दोन महिने येतात. याचा परिणाम असा, की ज्यूंचे सण इंग्रजी तारखांनुसार पुढेमागे होत असले, तरी चंद्राच्या कलेशी घट्ट बांधलेले असतात: पूरिम अदारच्या चतुर्दशीला, वल्हांडण निसानच्या पौर्णिमेला, मांडवांचा सण तिश्रीच्या पौर्णिमेला.

बेने इस्रायलांनी या सणांना दिलेली नावे केहिमकरांनी आपल्या इतिहासग्रंथात नोंदवून ठेवली आहेत आणि ती वाचताना कोकणातील एखाद्या वाडीतच उभे असल्यासारखे वाटते. ज्यू नववर्ष तो ‘नव्याचा सण’. त्यानंतरचा ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा कडक उपवासाचा दिवस, ज्याला हिब्रूत योम किप्पुर म्हणतात, तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन, पांढरी वस्त्रे नेसून, कोणाशी संपर्क न ठेवता घरात बसायचे. दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’ भेटीगाठींचा आणि दानधर्माचा. फाल्गुन पौर्णिमेच्या सुमाराला येणारे पूरिम साहजिकच ‘होळीचा सण’ झाले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ झाला, कारण त्या दिवशी उपवास सोडताना बिरडे खायचे. हिब्रू इतिहास, फारसी शब्द आणि कोकणी कडधान्य अशी ही सरमिसळ दोन शब्दांत बसली आहे. वल्हांडणाला आंबट पदार्थाचे मडके आठ दिवस झाकून ठेवत, त्यावरून ‘आनशी ढाकणाचा सण’ असे नाव पडले. आंबवलेले वर्ज्य, हा मूळ नियम शिल्लक होता. मिसर देशातून बाहेर पडण्याची कथा मात्र विसरली गेली होती.

शाळेने काय केले, ते या यादीवरून नेमके सांगता येते. घरात आजीने पाळलेला ‘दारफाळणीचा सण’ वर्गात योम किप्पुर या नावाने आला आणि त्याच्यामागील ग्रंथाधार मुलांना कळला. झाकलेल्या मडक्याची गोष्ट हग्गादातील गुलामांच्या गोष्टीशी जोडली गेली. उलट हनुक्का, म्हणजे आठ रात्री चढत्या संख्येने दिवे लावण्याचा सण, जुन्या बेने इस्रायल परंपरेत नव्हताच. तो ज्या मक्काबींच्या विजयाच्या स्मरणार्थ आहे, त्याच्यापूर्वीच पूर्वजांनी मायदेश सोडला होता, असा युक्तिवाद समाजातील विद्वान त्यावरून करत आले. म्हणजे काही सण घरातून शाळेत गेले आणि काही पुस्तकातून घरात आले, आणि दोन पिढ्यांनंतर त्यांतील भेद कोणाच्या लक्षात राहिला नाही.

शाळेच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र या यादीचा जाच फार. सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्या तिश्री महिन्यात नववर्ष, प्रायश्चित्त आणि मांडवांचा सण हे तिन्ही साधारण तीन आठवड्यांत येऊन पडतात. त्यातच सरकारी सुट्ट्या, नवरात्र आणि दिवाळीची सुट्टी. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मुलांनी घरी पोहोचून अंघोळ करून किद्दुशला, म्हणजे द्राक्षरसावरच्या आशीर्वचनाला, बसायचे असते. मुंबईत हा रस काळ्या मनुका भिजवून घरीच काढतात. मॅट्रिकसारख्या सार्वजनिक परीक्षेचा पेपर शनिवारी आला तर काय करायचे, हा प्रश्न जगभरच्या ज्यू विद्यार्थ्यांना पडत आला आहे.

डब्यातला नारळ

काश्रुत, म्हणजे खाण्यापिण्याची धर्मशुद्धता, हा ज्यू शाळेत शिस्तीचाच भाग असतो. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. प्राण्याची कत्तल प्रशिक्षित माणसाकडून ठरावीक पद्धतीने व्हावी लागते. आणि पाण्यातील जिवांपैकी पर व खवले दोन्ही असलेलेच चालतात. कोकणी घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पापलेट आणि रावस चालतात. कोळंबी, खेकडा, शिंपल्या आणि मुशी चालत नाहीत. मांसाच्या रश्श्याला दह्या-दुधाची जोड वर्ज्य असल्यामुळे येणारी अडचण नारळाने दूर केली. बेने इस्रायल स्वयंपाकात मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात होतो आणि नव्याच्या सणाचा ‘चिकाचा हलवा’ही गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून आटवतात, म्हणजे तो मांसाच्या जेवणानंतरही खाता येतो. युरोपातील ज्यू गृहिणीला जे साधायला वनस्पती तुपाचा शोध लागावा लागला, ते अलिबागच्या बाईने परसातील माडावर भागवले.

अशा शाळेच्या मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलाच्या डब्यातले खाऊ नये असे शिकवावे लागते, आणि त्याच वेळी आपल्या डब्यातले दुसऱ्याला द्यावे असेही शिकवावे लागते. पूर्णवेळ समाजशाळेतील सर्वांत नाजूक काम हेच असावे. ज्यू नीतिविचारात याला ‘त्सेदाका’ या कल्पनेचा आधार आहे. या शब्दाचे भाषांतर सहसा दान असे केले जाते, पण त्याचा धातू न्याय या अर्थाचा आहे. गरिबाला दिलेले हे त्याच्या हक्काचे असून देणाऱ्याला त्यातून पुण्याचा दावा सांगता येत नाही, असा त्याचा रोख आहे. ज्यू शाळांत शुक्रवारी मुलांकडून पैसा-दोन पैसे पेटीत टाकून घेण्याची पद्धत सर्वत्र आढळते. बेने इस्रायलांची स्वतःची म्हणावी अशी ‘मलिदा’ची प्रथा याहून वेगळी: गोड केलेले पोहे, खोबरे आणि फळे ताटात रचून, एलिया हन्नाबी या संदेष्ट्याचे नाव घेऊन, जमलेल्या सगळ्यांना ती वाटतात. वाटप होताना ज्याला ताटापर्यंत हात पोहोचवता येत नाही, त्याच्या हातावर ते ठेवले जाते.

आवारातली दुसरी शाळा

मुंबईच्या ज्यू शाळांची गोष्ट बगदादी ज्यूंना वगळून सांगता येत नाही. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याने भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधले आणि त्याच आवारात ससूनांच्या नावाच्या शाळा चालत आल्या. बगदाद्यांची घरची भाषा अरबी आणि वर चढण्याची भाषा इंग्रजी. मराठी बोलणाऱ्या, वर्णाने सावळ्या बेने इस्रायलांच्या शुद्धतेबद्दल त्यांना शंका होती, आणि १८३६ साली त्यांच्यातील काहींनी सामाईक दफनभूमीत मधोमध भिंत घालून मिळावी असा अर्ज सरकारकडे केला होता. जातिव्यवस्थेत राहणाऱ्या समाजांनी एकमेकांशी जातीप्रमाणेच वागावे, यात नवल नाही. केहिमकरांच्या शाळेमागे मिशनऱ्यांपासून मुले राखण्याचा हेतू होताच, परंतु आपणही पूर्ण ज्यू आहोत हे बगदादी शेजाऱ्यांना दाखवून देण्याची ईर्षाही त्यात असावी. त्यामुळे ती शाळा पुढे ज्या सर एली कदूरी यांच्या देणगीने सावरली, ते स्वतः बगदादमध्ये जन्मलेले आणि तरुणपणी ससूनांच्या पेढीवर नोकरी करून हाँगकाँग व शांघायमध्ये श्रीमंत झालेले होते, ही बाब महत्त्वाची ठरते. (त्यांचे बंधू एलिस कदूरी यांच्याही नावाच्या शाळा आहेत आणि एली-एलिस यांची गल्लत छापील पुस्तकांतही होते.)

कोलकात्यातही बगदादी समाजाने मिशन शाळांत जाणाऱ्या मुलींसाठी १८८१ साली ज्यूइश गर्ल्स स्कूल काढली. आज तेथे आणि भायखळ्याच्या ससून शाळेतही बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत.

रिबेकाबाईंची अठ्ठावीस वर्षे

माझगावच्या शाळेला सर्वांत जास्त घडवले ते रिबेका रूबेन यांनी. १८८९ साली बेळगावात जन्मलेल्या रिबेकाबाईंनी १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला होता, आणि शिक्षणशास्त्राचा अभ्यास इंग्लंडमध्ये करून आल्यानंतर १९२२ ते १९५० या काळात त्यांनी मुख्याध्यापकपद सांभाळले. मुलगे आणि मुली एकत्र शिकणाऱ्या शाळेच्या प्रमुखपदी स्त्री असणे हे त्या काळच्या मुंबईतही सर्वसामान्य नव्हते. परंतु बेने इस्रायल स्त्रियांनी १९१३मध्येच स्वतःचे स्त्रीमंडळ काढले होते आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या जेरुशा झिराड लंडनहून डॉक्टर होऊन येऊन पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या होत्या, तेव्हा समाजाला हे दृश्य अगदी नवे नव्हते.

रिबेकाबाईंनी मुख्याध्यापक होण्यापूर्वीच बेने इस्रायलांचे एक वार्षिक काही वर्षे संपादित केले होते. समाजाच्या बातम्या, पत्ते, संस्था आणि शिकलेल्यांची नावे एका जागी आणण्याची ही हौस त्यांच्या शाळेशी सुसंगत होती, कारण रायगडातून उठून उमरखाडी, माझगाव, भायखळा, ठाणे असा विखुरलेला समाज एकमेकांना नियमितपणे भेटण्याच्या जागा दोनच होत्या, मशीद आणि शाळा. मशिदीत ‘हातबोशी’ होते, म्हणजे प्रार्थनेच्या एका टप्प्यावर वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन हात हातात घेत, बोटे ओठांना लावत ती खूण मुलांपर्यंत पोहोचते. शाळेत ते काम हजेरीने होत असे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेचे दार इतर समाजांच्या मुलांनाही उघडे असल्यामुळे शेजारपाजारच्या हिंदू व अन्य मुलांची नावेही त्या हजेरीत येऊ लागली. याच काळात या समाजातील डॉ. एलिजा मोझेस राजपुरकर मुंबईचे महापौर झाले (१९३७–३८), वरळी-महालक्ष्मीचा ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा आहे.

रिकामे झालेले बाक

या शाळेने ज्यू मुलांना हिब्रू दिली आणि हिब्रूनेच ती मुले नेली, असे म्हणणे थोडे टोकाचे होईल, पण खोटे ठरणार नाही. १९४८मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर पुढील दोन-तीन दशकांत बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. भारतात त्यांना छळ सोसावा लागला नव्हता. हे त्यांनीच आवर्जून सांगितले आहे. गेले ते धार्मिक ओढीने, नातलगांच्या पाठोपाठ आणि चांगल्या राहणीच्या आशेने. आणि ज्या पिढीने शाळेत जेरुसलेमचा नकाशा काढला होता, तिला तो देश परका वाटणे कठीणच होते. तेथे पोहोचल्यावर मात्र काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांच्या शुद्धतेबद्दल पुन्हा तीच जुनी शंका काढली, त्यावर त्यांनी आंदोलने केली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू मानण्याचा ठराव केल्यावर तो वाद शमला. गंमत अशी, की तिथे गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. मुंबईत मराठीतून हिब्रू शिकवली जात होती. इस्रायलमध्ये हिब्रू बोलणाऱ्या नातवंडांच्या घरात मराठी जपण्याची खटपट होत आहे.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या सुमारे २,५०० भरली आणि त्यांतील बरेच जण ठाणे व मुंबई परिसरात आहेत. इतक्या लोकांमागे पूर्णवेळ शाळा चालत नाही. त्यामुळे आजच्या ज्यू मुलांचे धर्मशिक्षण पुन्हा दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे रविवारच्या वर्गांकडे आणि मशिदीतील शिकवणीकडे वळले आहे. माझगावची शाळा चालू आहे, पण तिच्यात शिकणारी मुले मुख्यतः ज्यूतर समाजांतली आहेत. ज्या शाळेचा जन्म आपली मुले दुसऱ्यांच्या शाळेतून काढून घेण्यासाठी झाला, ती आता दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते, आणि या स्थितीला अपयश म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. पंचवीस मुलांमागे एक शिक्षक हवा, असे सांगणाऱ्या ग्रंथाने त्या मुलांसाठी शिकवण्याची जबाबदारी गावावर टाकली होती, आणि माझगाव हे गाव तेव्हाही एका जातीचे नव्हते.

राहते ते जनरल रजिस्टर. महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेने कायम जतन करावयाचा हा दस्तऐवज. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मातृभाषा, धर्म व जात, शाळा सोडल्याचा दिनांक आणि कारण असे रकाने असतात. राज्य सरकारने ज्यूंना २०१६ साली अल्पसंख्य दर्जा दिला, तोवर अनेक सरकारी अर्जांवर त्यांना ‘इतर’ या रकान्यात बसावे लागत होते. शाळेच्या रजिस्टरात मात्र ‘मातृभाषा मराठी’ आणि ‘धर्म ज्यू’ या नोंदी एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. अशा जुन्या समाजशाळांची रजिस्टरे, हजेरीपट, वार्षिके आणि गटछायाचित्रे ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या विश्वस्तांनी, आणि ज्यांच्या घरी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत पडला आहे त्या कुटुंबांनी, त्यांच्या प्रती काढून एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात. कागद जुना आहे आणि मुंबईचा पावसाळा दरवर्षी येतो.